शेतांतील नवी बग्गी : तिची परीक्षा व तिच्या खोड्या

बग्गी म्हटली कीं आमच्या वडिलांच्या पिढीस घोड्याची बग्गी आठवे. आतां ज्या वाहनास हें नांव मिळालें आहे तें अगदीं निराळें. चार रुंद चाकें, त्यांवर खोल नक्षीचे टायर, लोखंडी नळ्यांचा उघडा सांगाडा, दोघांची बैठक, बैठकीमागें पेट्रोलचें इंजिन आणि त्याच्याही मागें एक लहानसा हौदा, असें तिचें रूप आहे. मौजेच्या ठिकाणीं पैसे घेऊन ती फिरवितात, हें पुष्कळांनीं पाहिलें असेल. आमच्या मंडळास त्या मौजेशीं कर्तव्य नाहीं. मंडळापुढें प्रश्न आला तो दुधाचा.

राहुरी-नेवासे भागांतील काळ्या जमिनींत ज्यांच्या वस्त्या गांवापासून दूर शिवारांत आहेत, त्यांना हा प्रश्न समजावून सांगण्याची गरज नाहीं. मृगाचे दोन चांगले पाऊस झाले कीं पाणंद बुजते. मोटारसायकल चालत नाहीं, ट्रॅक्टर नेला तर तो वाटेची आणखी वाट लावतो, आणि दुधाचे कॅन डोक्यावरून सडकेपर्यंत न्यावे लागतात. संकलन केंद्रावर दूध उशिरा पोंचलें म्हणजे तें परत येतें. परत आलेल्या दुधाचें काय होतें तें घरोघरीं ठाऊक आहे. गेल्या पावसाळ्यांत आमच्या एका सभासदाच्या सुनेस बाळंतपणासाठीं बाजेवर घालून सडकेवर आणावें लागलें. बाज खांद्यावर घेणाऱ्यांत आमच्यापैकीं दोघे होते. त्या रात्रीनंतर मंडळाच्या बैठकींत कोणी तरी बग्गीची गोष्ट काढली आणि ती हंसण्यावारी गेली नाहीं.

शासनानें 2021 सालीं मातोश्री ग्रामसमृद्धी शेत-पाणंद रस्ते योजना काढली, आणि ज्या शिवारांत पाणंद खडी टाकून पक्की झाली तेथें बग्गीची मुळींच आवश्यकता नाहीं, असें आमचें स्पष्ट मत आहे. पण जेथें हद्दीचे वाद आहेत तेथें रस्ता होईपर्यंत कांहीं पावसाळे जाणार. तोंवर काय करावें, एवढ्यापुरताच हा विचार. म्हणून एका विक्रेत्याशीं बोलून, अनामत ठेवून, एक नवी बग्गी दोन महिने परीक्षेसाठीं आणली. किंमत म्हणाल तर तीन चांगल्या बैलजोड्या येतील एवढी. विक्रेत्याचें व कारखान्याचें नांव आम्ही मुद्दाम देत नाहीं. एकाच गाडीवरून कोणाची निंदा किंवा स्तुति करणें न्यायाचें नव्हे.

गाडीची परीक्षा कशी घ्यावी हें शिकण्यास नगर जिल्ह्यांतील माणसानें फार दूर जाण्याचें कारण नाहीं. नगर शहरालगत वाहननगर येथें संरक्षण खात्याची वाहन संशोधन व विकास संस्था आहे. लोक तिला व्हीआरडीई म्हणतात. तिचें मूळ 1929 सालीं रावळपिंडीजवळील चकलाला येथें निघालेल्या लष्करी मोटारींच्या तपासणी-कचेरींत आहे. फाळणीच्या वेळीं, 1947 सालीं, ती कचेरी नगरास आली. सैन्यासाठीं घ्यावयाच्या गाड्या येथें चढावर, खडबडीत वाटेवर व पाण्यांतून चालवून पाहतात. केंद्रीय मोटार वाहन नियमांतील 126 व्या नियमांत नव्या वाहनाचा नमुना तपासून प्रमाणपत्र देणाऱ्या ज्या संस्था सांगितल्या आहेत, त्यांत हीही एक आहे. ट्रॅक्टरसाठीं मध्य प्रदेशांत बुदनी येथें केंद्र सरकारची संस्था आहे, आणि ट्रॅक्टर घेतांना बुदनीचा अहवाल मागण्याची संवय आतां पुष्कळ शेतकऱ्यांस लागली आहे. बग्गीच्या बाबतींत विक्रेत्याकडे आम्हीं असा अहवाल मागितला तेव्हां त्यानें रंगीत पत्रक पुढें केलें.

अभियांत्रिकी महाविद्यालयांचे विद्यार्थी स्वतः अशा बग्ग्या बांधतात, आणि त्यांची बाहा नांवाची स्पर्धा 2007 पासून भरत आली आहे. इंदूरजवळील पिथमपूर येथें ती पुष्कळ वर्षें झाली. त्या स्पर्धेची एक रीत आम्हांस फार आवडली. पळविण्यापूर्वीं ब्रेक दाबून चारही चाकें एकदम जागच्या जागीं अडतात कीं नाहीं हें पाहतात. न अडल्यास गाडी पुढें जाऊंच देत नाहींत. मग चढ, वळण इत्यादि पाहून शेवटीं सलग चार तास खडतर वाटेवर चालवितात. बहुतेक गाड्यांचें खरें रूप त्या चार तासांत उघडें पडतें. आम्हींही तोच क्रम धरला, आणि त्यांत एक वही घातली. वहींत रोज चालू केल्याची वेळ, बंद केल्याची वेळ, पेट्रोल किती घातलें, टायरांत हवा किती, ओझें किती, वाट कोणती आणि काय बिघडलें, एवढ्या गोष्टी लिहावयाच्या. ही वही पुढें कशी उपयोगी पडली तें सांगूंच.

पहिल्या दिवशीं गाडी चालविली नाहीं. प्रत्येक महत्त्वाच्या नट-बोल्टावर पांढऱ्या रंगाची एक आडवी रेघ अशी ओढली कीं अर्धी नटावर व अर्धी लोखंडावर यावी. नट सैल होऊन फिरला तर रेघ तुटते आणि पाना न लावतां डोळ्यांस कळतें. दुसऱ्या दिवशीं दोन तास पाणंदीनें चालवून पाहिलें तों सात रेघा तुटलेल्या! त्यांपैकीं दोन पुढच्या डाव्या चाकाच्या दांडीवरील होत्या. नवी गाडी म्हणजे तयार गाडी, ही समजूत येथेंच गेली. पहिल्या दहा तासांनंतर सर्व नट पुन्हां आवळावे व इंजिनाचें तेल बदलावें. नव्या इंजिनांत घांसलेल्या लोखंडाचा बारीक कीस तेलांत उतरलेला असतो. आमच्या तेलांत तो उन्हांत धरल्यावर चकाकतांना दिसला.

आतां काळ्या जमिनीविषयीं. आमच्याकडील काळी माती पाण्यानें फुगते व उन्हानें भेगाळते, हें नवीन नाहीं. गाडीच्या दृष्टीनें मात्र तिच्या तीन अवस्था ओळखाव्या लागतात. कोरडी असतां ती दगडासारखी; पाणी साचून रबडी झालेली असतां चाक रुततें खरें, पण चिखल चाकावरून धुऊन निघतो. सर्वांत वाईट ती मधली अवस्था, वाफसा येण्याच्या एक-दोन दिवस आधींची. तेव्हां माती टायराच्या नक्षींत चिकटून बसते, चाक गुळगुळीत लोढ्यासारखें होतें, आणि पुढें माती चाक व सांगाडा यांमध्यें दाटून चाक फिरेनासें होतें. नांगराचा फाळ जसा उलथण्यानें खरडावा लागतो तसें येथेंही करावें लागतें. विक्रेत्याच्या माणसानें गाडीचें जोर किती अश्वशक्तीचें आहे हें आम्हांस दोनदां सांगितलें. चिखलांत जोराची वाण कधींच पडत नाहीं, पकड नसते.

पकड वाढविण्याचा सर्वांत स्वस्त उपाय म्हणजे टायरांतील हवा कमी करणें. टायरांतील हवेचा दाब जेवढा, साधारण तेवढाच दाब टायर जमिनीवर देतो. वीस पौंड हवा असली तर दर चौरस सेंटीमीटरवर सुमारें 1.4 किलो भार पडतो. दहा पौंड केली तर तो निम्मा होतो, कारण टायर पसरून जमिनीस अधिक जागीं टेकतो. नगरास रणगाड्यांचें मोठें ठाणें आहे. एकेचाळीस टनांचा टी-72 रणगाडा ज्या ओल्या मैदानांतून निघून जातो तेथें भरलेली मालमोटार आंसापर्यंत बसते, कारण रुंद पट्ट्यांमुळें त्या रणगाड्याचा भार दर चौरस सेंटीमीटरला एक किलोच्या आंतच राहतो. आम्हीं गाडी वीस पौंडांवर आणली तेव्हां ओढ्याअलीकडील उतारावर ती तीन वेळां अडकली. दहा पौंडांवर त्याच दिवशीं, त्याच ओझ्यानिशीं, एकदांही अडकली नाहीं. मग आमच्यांतील एकास हांव सुटली व त्यानें सात पौंड करून पाहिली, तेव्हां वळणावर टायर रिंगेवरून निसटला व सगळा दुपारचा वेळ गेला. आमच्या गाडीस व आमच्या ओझ्यास दहा पौंड बरी असें ठरलें. सडकेलगतच्या मुरमाड भागांत ती तशीच ठेवूं नये, टायर तापतो.

येथें एक सांगून ठेवतों. हवा कमी केल्यानें बग्गी ओल्या शेतांतूनही जाऊं शकते, म्हणून ती शेतांतून नेऊं नये. वाफसा येण्यापूर्वीं चाक फिरलें कीं खालची माती दबून थर बनतो व पुढें मुळ्यांस तो फोडतां येत नाहीं. पाणंद, बांधाकडेची पडीक पट्टी आणि वस्तीचें अंगण एवढ्याच तिच्या हद्दी.

ज्या बिघाडासाठीं हा लेख लिहावासा वाटला तो असा. दुसऱ्या आठवड्यांत गाडी चालतां चालतां बंद पडूं लागली. भरल्या ओझ्यानें चिखलांतून जोर करीत असतांना इंजिन एकदोन आंचके देई व थांबे. दहा मिनिटें खटपट केली कीं पुन्हां चालू होई, आणि पुन्हां थोड्या वेळानें थांबे. चालविणारा प्रथम टाकीचें झांकण काढून पेट्रोल आहे ना हें पाही, तें असेच. मग तो प्लग काढून पुसून बसवी, आणि गाडी सुरू! अर्थात् प्लग खराब आहे असें सर्वांचें मत पडलें. नवा प्लग आणला. तोही "खराब" निघाला. विक्रेत्याचा मिस्त्री आला. त्यानें ठिणगीची कॉइल बदलली, कारण कांहीं कॉइली तापल्यावर ठिणगी देईनाशा होतात, आणि हें त्याचें म्हणणें चुकीचें नव्हे. गाडी दुकानीं नेऊन त्यानें अंगणांत तासभर चालू ठेवली. ती एकदांही बंद पडली नाहीं. "तुमच्या माणसांस चालवितां येत नाहीं," असा निरोप आला. तो मंडळास बोंचला.

तेव्हां आम्ही चौघे वही घेऊन बसलों. गाडी पांच दिवसांत अकरा वेळां बंद पडली होती. वेळा पाहतां ज्या दिवशीं टाकी नुकतीच काठोकाठ भरली होती त्या दिवशीं ती दहाएक मिनिटांतच थांबली होती. टाकी अर्ध्यावर असतांना अर्धा तास चालली होती. आणि एके दिवशीं पेट्रोल तळाशीं आलें असतां मुळींच थांबली नव्हती. कॉइल तापत असती तर तिला टाकीशीं काय करावयाचें होतें? पेट्रोल कमी असतां गाडी बरी चालते आणि पुष्कळ असतां थांबते, ही गोष्ट इतकी उलटी होती कीं प्रथम आम्हांस वहीच चुकीची वाटली.

दुसऱ्या दिवशीं आम्हीं असें ठरविलें कीं गाडी थांबली म्हणजे कोणीही कशास हात लावावयाचा नाहीं, आणि एका वेळीं एकच गोष्ट पाहावयाची. टाकी भरली, ओझें घातलें, चढ धरला. बाराव्या मिनिटास ती थांबली. प्रथम प्लग काढून लोखंडास टेकवून पाहिला : ठिणगी स्वच्छ निळी. म्हणजे विजेचा दोष गेला. प्लगाचें टोंक कोरडें; पेट्रोल येत असून पेटत नसतें तर तें ओलें असतें. कार्ब्युरेटरच्या वाटीचा तळाचा स्क्रू सैल केला तर चार थेंब पडले आणि बस्स. टाकी भरलेली, वाटी रिकामी. वाटींतील सुई अडकली असेल म्हणून नळी काढून पाहिली; टाकीकडूनच धार येत नव्हती. आतां फक्त टाकीचें झांकण राहिलें. तें फिरवितांच आंत हवा शिरल्याचा "सूं" असा आवाज झाला व नळींतून धार लागली.

कारण मग उघडच झालें. आमच्या गाडींत पेट्रोल टाकींतून आपल्याच भारानें खालीं येतें. जितकें पेट्रोल बाहेर जाईल तितकी हवा आंत आली पाहिजे. त्यासाठीं टाकीस एक बारीक श्वासनळी असते. ती चोंदली तर टाकींत हवेचा दाब घटतो व पेट्रोल खालीं येईनासें होतें. तेलाच्या पत्र्याच्या डब्यास एकच भोंक पाडलें तर तेल गचके खात येतें व दुसरें पाडलें कीं धार लागते, हें स्वयंपाकघरांत कोणासही ठाऊक आहे. टाकी भरलेली असतां वर हवेस जागा थोडी, म्हणून दाब लवकर घटतो. टाकी रिकामी असतां जागा पुष्कळ, म्हणून उशिरा. नळी अगदीं बंद नव्हती, बारीक फट होती. दुकानाच्या अंगणांत इंजिन नुसतें गुरगुरत होतें व पेट्रोल थोडें लागत होतें, तेव्हां ती फट पुरली. चिखलांत ती पुरेना. आणि चालविणारा दर वेळीं झांकण काढून पेट्रोल पाहत होता तेव्हांच गाडी दुरुस्त होत होती. श्रेय मात्र प्लगास जाई!

नळी काढून तार घातली तेव्हां आंतून चिकणमातीची वाळलेली गोळी व एक मेलेली अळी निघाली. तें काम कुंभारणीचें. भिंतीच्या कोपऱ्यांत, दाराच्या फटींत मातीचें घर करणारी ही माशी सर्वांच्या परिचयाची आहे. गाडी दोन आठवडे आमच्याच गोठ्यांत उभी होती. म्हणजे दोष ना कारखान्याचा, ना मिस्त्रीचा, ना चालविणाराचा. आम्हीं विक्रेत्यास तसें कळविलें, आणि त्याच्या निरोपाचाही उल्लेख करण्यास विसरलों नाहीं.

बाकीच्या खोड्या थोडक्यांत सांगतों. इंजिनाचा जोर चाकांकडे नेणारा रबरी पट्टा एका पेटींत असतो. ओढा ओलांडतांना पेटींत पाणी शिरलें कीं पट्टा घसरतो. इंजिन ओरडतें, गाडी हलत नाहीं आणि रबर जळाल्याचा वास येतो. असें झाल्यास जोर करूं नये, नाहीं तर पट्टा एका जागीं जळून खांच पडते. पेटीच्या तळाचें बूच काढून पाणी सोडावें व चाकांकडे जोर न देतां इंजिन थोडा वेळ फिरवावें. वाऱ्यानें पट्टा सुकतो. पेटीची हवा घेण्याची वाट आमच्या गाडींत फार खालीं होती. ती रबरी नळी लावून बैठकीच्या उंचीवर नेल्यावर हा त्रास थांबला. पारनेरकडील माळावर नेली तेव्हां धुळीनें हवेची गाळणी चार दिवसांत भरली व काळा धूर येऊं लागला. ब्रेकचा पाय मऊ लागूं लागला तर नळींत हवा शिरली असें समजून ती काढावी. त्यांत दिरंगाई नको.

एक प्रसंग लिहावा कीं न लिहावा यावर मंडळांत मतभेद झाला. शेवटीं लिहावा असें ठरलें. एके सकाळीं दूध लवकर पोंचवावें म्हणून एका सभासदाच्या सोळा वर्षांच्या मुलास आम्हींच बग्गी दिली. चालविण्यांत तो आम्हां सर्वांपेक्षां तरबेज होता, हेंच आमचें कारण. हौद्यांत दोन कॅन, दोन्ही अर्धेमुर्धे भरलेले आणि दोन्ही डाव्या बाजूस बांधलेले. वाट चुकविण्यासाठीं त्यानें बांध तिरका चढविला. उजवें चाक वर, डावें खालीं, आणि त्याच क्षणीं कॅनांतील दूध डावीकडे हेलकावलें. गाडी आडवी झाली. पट्टा बांधलेला होता व सांगाड्याच्या नळ्यांनीं भार झेलला, म्हणून मुलगा मनगट मुरगळण्यावर निभावला. पट्टा नसता तर बाहेर फेंकला जाऊन तो त्याच नळ्यांखालीं आला असता. दोष त्याचा नव्हे. सोळा वर्षांच्या मुलास दुधासाठीं घाई करणारे आम्ही होतों. तेव्हांपासून नियम केला : परवाना नसलेल्यास गाडी द्यावयाची नाहीं, शेतांतही नाहीं, कॅन काठोकाठ भरलेले किंवा पूर्ण रिकामे, आणि हौद्याच्या मध्यावर, बांध सरळ समोरून चढावयाचा, तिरका कधींही नाहीं.

आणखी एक अडचण कायद्याची. 1988 च्या मोटार वाहन कायद्याप्रमाणें नोंदणी व विमा नसलेलें वाहन सार्वजनिक रस्त्यावर नेतां येत नाहीं, आणि आमच्या बग्गीची नोंदणी होण्याजोगी नाहीं. म्हणून ती पाणंदीच्या तोंडाशीं, सडकेच्या अलीकडे थांबते. तेथून कॅन दुसऱ्या गाडींत घालावे लागतात. विक्रीच्या वेळीं ही गोष्ट कोणी आपण होऊन सांगत नाहीं. आजाऱ्यास नेतांना सडकेवर रुग्णवाहिका आधीं बोलावून ठेवावी लागेल.

हें सर्व पाहून मंडळानें एक बग्गी घेण्याचें ठरविलें आहे, एकमतानें नव्हे. तीन सभासदांचें म्हणणें असें कीं हाच पैसा पाणंदीच्या मुरमाकडे लावावा. त्यांत तथ्य आहे, पण मुरूम टाकण्यास सर्वांची संमति लागते व ती अजून मिळालेली नाहीं. उरलेली रक्कम देण्यापूर्वीं पट्ट्याच्या पेटीची नळी कारखान्याकडून वर घेऊन मिळावी आणि दोन जादा पट्टे मिळावे, अशी अट घातली आहे. वही मंडळाच्या कचेरींत ठेवली आहे. ज्या सभासदांस अशी गाडी घ्यावयाची असेल त्यांनीं ती येऊन पाहावी. टाकीच्या श्वासनळीवर आतां बारीक जाळीचें टोपण बसविलें आहे. गेल्या आठवड्यांत पाहिलें तों कुंभारणीनें त्या जाळीवरही मातीचे दोन ठिपके आणून लावले होते. ते पुसून टाकले.